भट्टी पेटल्यावर घरचं सांगायचं नाही

आमच्या भागात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. दशक्रियेच्या भाषणात सांगतात, लग्नाच्या बैठकीत सांगतात, मागं एकदा शाळेच्या कार्यक्रमातही सांगितली म्हणे. पेठच्या तात्या आचाऱ्याची बायको वारली, तरी त्यानं मढच्या लग्नातली भट्टी सोडली नाही. शेवटची पंगत उठल्यावरच घरी गेला. काय ती कामावरची निष्ठा! हा दिवाळी अंक काढणारे सर माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "तात्या, तोच प्रसंग लिहून द्या. नव्या पोरांना कळू द्या."

मी म्हणालो, "लिहितो. पण जसं झालं तसं लिहीन. काना-मात्रा चुकला असंल तर नीट करा, माझी शाळा चौथीतच सुटली. पण वाक्याला हात लावायचा नाही. लावायचा असंल तर कागद परत द्या."

तर पहिलंच सांगून टाकतो. ती गोष्ट खोटी आहे. बायको वारली हे खरं. मी मढला भट्टीवर होतो हेही खरं. पण मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी हातातला झारा टाकून निघालो असतो. लोकांनी एवढं मानावं, दुसरं मी काही मागत नाही. आणि नेमकं तेवढंच कुणी मानत नाही.

आचाऱ्याचं काम म्हणजे स्वयंपाक, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. स्वयंपाक घरोघरी बायका करतात, त्यात काय मोठं. आमचं काम वेळ सांभाळायचं. यजमान सुपारी-नारळ देऊन काम ठरवतो, आणि ती सुपारी घेतली की तुम्ही त्याचे. लग्नाच्या आदल्या दिवशी जायचं, सामान उतरवून घ्यायचं, भट्टीची जागा वारा बघून धरायची, नारळ फोडायचा. हळदीचं जेवण उरकलं की बुंदी पाडायला बसायचं. बुंदी झाली की वांगी चिरायला घ्यायची. पत्रिकेत लग्नाची वेळ छापलेली असते, पण ती खरी धरणारा आचारी उपाशी मरंल. नवरदेव पारावरनं हलत नाही, मग पुढारी येतात, एकेक जण माईक धरून वधूवरांना आशीर्वाद देतो. तोवर भात तयार असून चालत नाही आणि तयार नसूनही चालत नाही. अक्षता पडल्या की पाचव्या मिनिटाला सगळा मांडव ताटाकडं पळतो. त्या वेळेला भात मोकळा पाहिजे, आमटी कढती पाहिजे, आणि आचारी पातेल्यापाशी पाहिजे. यजमान दमून बसला तर कुणी काही म्हणत नाही. आचारी बसलेला दिसला की लोक म्हणतात, झोपा काढायला आणलाय का.

म्हणून मी एक नियम केला होता. भट्टी पेटल्यावर घरचं सांगायचं नाही. मोबाईल आले तेव्हा तोही मसाल्याच्या पिशवीत टाकायचो, आणि पिशवी बबनकडं. बबन हा माझा जोडीदार, बुंदीवर त्याचा हात बसलेला. घरी बजावून ठेवलेलं, छप्पर उडालं तरी मला कळवू नका. कळवून मी तिथून काय करणार? माणसाचं मन घरी गेलं की इकडं भात लागतो. लागलेल्या भाताचा वास सगळ्या गावाला जातो आणि नाव आचाऱ्याचं जातं.

माझं नाव कधी गेलं नाही. मंचरला एका मारवाडी शेठजींच्या मुलीचं लग्न होतं. त्यांचे आजे राजस्थानातनं आलेले, पण शेठजींचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. धर्मानं जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस बुडायच्या आत जेवणं उरकली पाहिजेत. नेमकी वऱ्हाडाची गाडी रस्त्यात बंद पडली. सूर्य चालला खाली. शेठजी हात जोडून भट्टीपाशी आले. "तात्या, दिवस बुडाला तर व्याही उपाशी झोपतील. माझी इज्जत तुमच्या हातात."

मी म्हणालो, "शेठ, वऱ्हाड हितं येत नसंल तर पंगत तिकडं जाईल. टेम्पो बोलवा."

पातेली टेम्पोत घातली, दोऱ्या बांधल्या, मधल्या एका मळ्यातल्या खळ्यावर सतरंज्या अंथरल्या आणि उन्हं असतानाच बुंदी वाढली. नवरदेवाची आत्या म्हणाली, "खळ्यावर जेवले, पन असं जेवन न्हाई पाहिलं." शेठजी पुढं कित्येक वर्षं बाजारात भेटले की लोकांना माझ्याकडं बोट दाखवून ते सांगायचे.

दोन दिवसांनी घरी आलो तर संतोषच्या हाताला प्लॅस्टर. संतोष हा माझा एकुलता एक मुलगा, मला दादा म्हणतो, तेव्हा शाळेत जात होता. आंब्यावरनं पडला होता. माझ्या बायकोनं, हौसानं, त्याला एसटीनं मंचरला नेलं होतं. मी पातेली बांधत होतो त्याच रस्त्याला तो दवाखाना. मध्ये चार दुकानं असतील.

मी म्हणालो, "अगं, निरोप तरी धाडायचा."

ती म्हणाली, "कशाला? तुमीच तर सांगितलं व्हतं. डाक्टर म्हणला, पोराचा बाप कुठाय? मी म्हणलं, परगावी गेलाय."

मी तिला बरं केलंस म्हणालो. खरंच म्हणालो. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला, की घर कसं सांभाळते.

संतोषच्या लग्नात मी दुसरा आचारी लावणार होतो. दोघं बघितलेही. एकाची भाजी तेलकट, दुसऱ्याला माणसं जमवता येत नव्हती. शेवटी मीच भट्टीवर उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर कुणीतरी मला ओढत नेलं, माझे हात बेसनानं भरलेले असतानाच डोक्यावर फेटा ठेवला. अक्षता टाकल्या आणि परत आलो, कारण पंगत बसायची होती. त्या लग्नाचा मोठा फोटो आमच्या घरात लावलाय. नवरा-नवरी, हौसा, आणि तिच्या शेजारी तिचा भाऊ. नवीन पाव्हण्यांना वाटतं तोच संतोषचा बाप. हौसा कुणी विचारलं की सांगायची, "ह्यो माझा भाऊ. संतोषचा बाप फोटोच्या मागं हाये, आमटी ढवळतोय."

ती लई बोलायची. भांडायची नाही, टोचून बोलायची. लग्नाचा हंगाम संपवून मी घरी आलो की दारात उभी राहून म्हणायची, "या पावणं. कुठनं येणं केलं? हातपाय धुवा, आमचं मालक घरी न्हाईत." मी हसायचो. काय करणार? हंगामात चार पैसे मिळाले नाहीत तर वर्षभर काय खायचं, हे तिलाही माहीत होतं. पण एकदा तिनं विचारलं, "सगळ्या तालुक्याला जेवू घालता. मला कधी एक कप चहा केलाय का?" नव्हता केला. घरच्या चुलीपुढं मी बसत नव्हतो. ते मला कमीपणाचं वाटायचं.

आता सुतकाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. घरात मयत झाली की दहा दिवस सुतक. सुतक असलेल्या माणसानं शुभकार्याच्या अन्नाला हात लावायचा नाही. लावला तर सगळं अन्न वाया, कार्याला दोष. पण आमच्याकडं सुतक कळल्यापासून धरतात. कानावर आलं नाही तोवर माणूस मोकळा. म्हणून लग्नाच्या दिवशी कुणाच्या घरी काही झालं तर मुलगी सासरी निघेपर्यंत लोक ते दाबून ठेवतात. ओतूरकडच्या एका लग्नात नवरदेवाची चुलती पहाटे गेली. ते त्याच्या बापानं एकट्यानं पोटात ठेवलं. हसत हसत पंगतीत आग्रह करत होता आणि मध्येच पातेल्यांच्या आड येऊन डोळे पुसत होता. आमच्या धंद्यात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मढचं लग्न मे महिन्यातलं. मढ म्हणजे जुन्नरच्या पार पश्चिमेला, माळशेज घाटाच्या वाटेवर. पेठहून निघालं की अर्धा दिवस तिकडंच जातो. हौसाला दोन वर्षं धाप लागत होती. गोळ्या चालू होत्या, पण उठून-बसून होती. मी निघालो तेव्हा ओट्यावर लसूण सोलत होती, माझ्याच कामाचा. म्हणाली, "घाटाकडचं वारं लागंल. कानटोपी न्या." मी म्हणालो, "मे महिन्यात? भट्टीवर?" म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या." शेवटचं बोलणं म्हणून लोक काहीतरी मोठं सांगतात. आमचं कानटोपीवर झालं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती चहा ठेवताना खाली बसली ती उठलीच नाही. संतोषनं गाडीतनं मंचरला नेली. डॉक्टर म्हणाले, संपलंय. संतोषनं मला फोन लावला. फोन पिशवीत, पिशवी बबनकडं. बबननं ऐकलं आणि माझ्याकडं न येता मुलीच्या बापाकडं गेला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी संतोषला फोन केला. हे सगळं मला बबननं नंतर सांगितलं. अण्णा म्हणाले, "पोरा, माझी लेक आता बोहल्यावर चढंल. आचाऱ्यालाच सुतक म्हणल्यावर सगळं अन्न टाकावं लागंल. मी काय करू ते तू सांग." आणि संतोष म्हणाला, "सांगू नका. दादांचाच तसा हुकूम हाये."

तिघांनी ठरवलं. मी चौथा, मला विचारलं नाही.

त्या दिवशी बबननं माझ्याशी एकदाही वाद घातला नाही. एरवी पाकाच्या तारेवरनं आमची जुंपायची. त्या दिवशी मी म्हणंल ते हो. मला वाटलं, शेवटी शहाणा झाला. पोळ्या लाटायला वाडीतल्या बाया आलेल्या. सकाळी त्यांची टिंगलटवाळी चालली होती, नंतर एकदम चिडीचूप. त्यातली एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तात्या, वाईच बसा. घोटभर पानी प्या."

मी म्हणालो, "बसायला आलोय का? पोळ्या करपत्यात तिकडं, बघा."

तांब्या माझ्या पायाशी ठेवून गेली. मी दुपारी एकदा मोबाईल मागितला, हौसानं गोळी घेतली का विचारायला. बबन म्हणाला, "चार्जिंग संपलंय." मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे मग."

जेवण असं झालं, की तसं पुन्हा जमलं नसतं. बुंदीचा दाणा दाणा सुटा. लोक भट्टीपाशी येऊन सांगून जात होते. शेवटची पंगत उठली तेव्हा अण्णा स्वतः मला बोलवायला आले. आमच्याकडं कार्य पार पडलं की आचाऱ्याला मान देतात. पण तो देतात सगळं निवल्यावर, मुलगी सासरी गेल्यावर. अण्णांनी घाई केली. मांडवात खुर्चीवर बसवलं, नवी टोपी, उपरणं, हातात नारळ, कपाळाला कुंकवाचा टिळा. माझी छाती फुगली. टिळा लावताना अण्णा माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हते. मला वाटलं, मुलीच्या बापाचं होतं असं.

मग मला मंडपाच्या मागं नेलं आणि सांगितलं.

घाई का केली ते मला तेव्हा कळलं. एकदा सांगितल्यावर मला टोपी घालता आली नसती. सुतकातल्या माणसाला मान कसा देणार? म्हणजे खरं बघितलं तर मी सकाळपासून सुतकात होतो. हौसा गेल्यावर मी भात शिजवला, आमटीची चव पाहिली, सगळ्या वऱ्हाडाला माझ्या हातचं घातलं. कुणाला दोष लागला नाही. फक्त माझ्या कानांना सांगितलं नव्हतं, एवढ्यावर सगळ्यांचं भागलं.

अण्णांच्या भाच्यानं जीपमध्ये घातलं. जीपला फुलं लावलेली होती. ओतूर, नारायणगाव, मंचर, एकही गाव मला आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा अंगणात बायका बसलेल्या. मला वाटलं, आता रडायला लागतील. कुणी रडेना, माझ्या कपाळाकडंच बघत राहिल्या. मग संतोषची बायको उठली आणि पदरानं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. नवी टोपीही तिनंच काढून घेतली.

मी विचारलं, "कुठाय ती?"

संतोष म्हणाला, "चार वाजता नेली. ऊन लई व्हतं, ठेवणं शक्य नव्हतं."

"माझ्यासाठी थांबायचं."

"अग्नी द्यायला मी व्हतो, दादा. तुमच्यावाचून काय अडलं न्हाई."

तो रागानं नाही बोलला. हिशोब सांगावा तसं बोलला. मी स्मशानात गेलो. राख अजून गरम होती. भट्टीपुढं आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं त्यातलं.

दहाव्याला नदीवर मोठी माणसं जमली. तालुक्यातल्या लग्नांनी मला ओळखीचं केलं होतं, म्हणून पुढारीही आले. आमच्याकडं दशक्रियेला माईक असतो, श्रद्धांजलीची भाषणं होतात. एक जण उठला, हौसाबद्दल दोन शब्द बोलला आणि माझ्यावर आला. "धर्मपत्नी गेल्याचं कळूनही तात्यांनी लेकीच्या बापाचं कार्य मोडू दिलं नाही!" लोकांनी माना डोलावल्या. अण्णाही आले होते. खाली मान घालून बसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मी उठलो. माईक हातातनं घेतला. "मला कळलं नव्हतं," मी म्हणालो. "मला कुणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर भट्टीवर पाणी वतून आलो असतो. जे त्या लग्नात जेवले त्यांनी हे ऐकून जावं."

मग सरपंचांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. पुढचा वक्ता माईकवर म्हणाला, "तात्या भावनेच्या भरात बोलले. असा साधा माणूस, स्वतःचं मोठेपण स्वतः मान्य करत नाही." झालं. गोष्ट तिथनं आणखी पक्की होऊन गावोगाव गेली.

पुढच्या हंगामात माझ्या ओट्यावर सुपाऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांना बायको मेली तरी न हलणारा आचारी पाहिजे होता. अवसरी खुर्दहून एक जण आला आणि तोंडावर म्हणाला, "तात्या, तुमच्यासारखा भरवशाचा माणूस न्हाई. आमच्या घरात पण म्हातारी शेवटच्या घटका मोजतीय, पण तुमी असल्यावर काळजी न्हाई." मी त्याला चहा न देता उठवला. सगळी भांडी, झारे, शेगड्या मी बबनच्या दारात नेऊन टाकल्या. फुकट दिल्या. त्याच्याशी बोललो मात्र नाही, आजतागायत नाही. तो येतो, ओट्याच्या कडंला बसतो आणि जातो.

संतोषला मी वर्षभर काही विचारलं नाही. एका घरात राहायचं, त्याच्या बायकोच्या हातचं खायचं, आणि विषय काढायचा नाही. विचारायचा माझा स्वभाव नाही. वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर त्यानं मला डोळे तपासायला मंचरला नेलं. तो चाकणला कंपनीत आहे. त्यासाठी त्यानं सुट्टी काढली होती. बापाच्या डोळ्यांसाठी सुट्टी! मी म्हणालो, "कशाला कामाचा खाडा केलास? मी एसटीनं गेलो असतो." तो म्हणाला, "काम उद्या बी हाये."

येताना नाशिक रस्त्याला गाड्या तुंबलेल्या. गाडी उभी होती. तेव्हा माझ्या तोंडून गेलं. "का सांगितलं न्हाईस रं?"

कसलं ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "भट्टी पेटल्यावर घरचं सांगायचं न्हाई. लहानपणापासून ऐकलंय."

"ते दुखण्याखुपण्याचं. आईच्या मरणाचं मी कधी म्हणलो?"

"मग कुठवर सांगायचं आन् कुठनं पुढं न्हाई, ते कधी सांगितलं व्हतं?" तो म्हणाला. मग काच खाली करून बाहेर बघत म्हणाला, "दादा, खरं सांगा. सांगितलं असतं तर तुमी आला असता का?"

"आलो असतो."

"सगळं अन्न टाकून?"

"टाकून."

पुढची गाडी हलली. त्यानं गिअर टाकला आणि म्हणाला, "बरं."

ते 'बरं' मला चांगलं ओळखीचं आहे. सुपारी द्यायला आलेला यजमान सांगतो, "तात्या, पानं पाचशेच व्हतील, वर एक न्हाई." त्याचं गणगोत किती, गावकी-भावकी किती, ते आपल्याला माहीत असतं. पण दारात आलेल्या माणसाला खोटं पाडायचं नसतं. त्याला आपण म्हणायचं 'बरं', आणि तांदूळ सातशेचा काढायचा.